शंका घेणारा वैद्य

आपल्याकडे जो तरुण डॉक्टर एम. डी. ही पदव्युत्तर पदवी घेऊन मनोविकारतज्ज्ञ होऊ इच्छितो, त्याला तीन वर्षांच्या शिक्षणक्रमात रुग्ण तपासणे, रात्रपाळ्या करणे आणि अखेरीस परीक्षा देणे एवढ्यावर भागत नाही. एखादा विषय घेऊन त्यावर स्वतः संशोधन करावे, त्याचा प्रबंध लिहावा आणि तो परीक्षेच्या निदान सहा महिने आधी विद्यापीठाच्या दप्तरी रुजू करावा, अशी त्याच्यावर सक्ती असते. महाराष्ट्रात हा कारभार बहुतांशी १९९८ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. म्हणजे या राज्यात एम. डी. झालेल्या प्रत्येक मनोविकारतज्ज्ञाने आयुष्यात एकदा तरी संशोधनाला हात घातलेला असतो. आणि तरीही त्यांपैकी कोणाला सहज विचारले की सध्या कशावर संशोधन चालू आहे, तर ‘थीसिस झाला, त्यानंतर काही नाही’ हे उत्तर आपल्या वैद्यकीय वर्तुळात इतके सर्रास ऐकू येते की ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटेनासे झाले आहे. मला ते वावगे वाटते, आणि का वाटते ते सविस्तर सांगण्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम त्या तरुणाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. सकाळी ओपीडीत पन्नास-साठ रुग्णांचे केसपेपर पुढ्यात असतात, दुपारी वॉर्ड असतो, रात्री अपघात विभागातून बोलावणे येते; आणि याच धबडग्यात पहिल्या काही महिन्यांत प्रबंधाचा विषय मुकरर करून त्याचा सिनॉप्सिस एथिक्स कमिटीपुढे ठेवायचा असतो. विषय बहुधा गाईड सुचवतात. गाईडही कामाने पिचलेले असतात, म्हणून मागच्या वर्षी ज्या आजारावर जी प्रश्नावली वापरली, तीच यंदा दुसऱ्या आजाराच्या रुग्णांना लावावी, अशी तजवीज होते. रुग्ण जमतात, रकाने भरतात, आकडेमोड बाहेरच्या स्टॅटिस्टिशियनकडून करून आणली जाते, आणि सोनेरी अक्षरांचे बाड ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसते. पूर्वीच्या नियमांत प्रबंधाखेरीज एक पोस्टर, परिषदेतील एक वाचन आणि एक शोधनिबंध अशा तीन अपेक्षा होत्या. त्यांतला शोधनिबंध प्रसिद्ध झालेला नसला, नुसता प्रसिद्धीसाठी पाठवलेला असला, तरी चालत असे. ज्या गोष्टीचा परिचयच एक अट म्हणून होतो, ती अट पुरी झाल्यावर माणूस तिच्याकडे पाठ फिरवतो, यात त्या तरुणाचा दोष फार थोडा आहे. दोष आहे तो संशोधन म्हणजे उपचाराहून वेगळे, पदव्या आणि बढत्या मिळवण्यासाठी करायचे एक निराळे काम आहे, या आपल्या रूढ समजुतीचा.

मनोविकारशास्त्रात ही समजूत इतर कोणत्याही वैद्यकशाखेपेक्षा अधिक घातक ठरते. क्षयाचा जंतू थुंकीत सापडतो, मधुमेहाची साखर रक्तात मोजता येते, मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते. परंतु खिन्नता, संशयविकार, स्किझोफ्रेनिया यांचे निदान करून देणारी रक्ताची तपासणी आजमितीस नाही. डॉक्टरने ऐकायचे, पाहायचे, विचारायचे आणि ठरवायचे. उपचाराने गुण आला की नाही, हेही पुन्हा ऐकून आणि पाहूनच ठरवायचे. आणि येथे अनुभव नावाची गोष्ट, जिच्यावर सर्व वैद्यांची मदार असते, ती फार फसवी ठरते. अनेक मनोविकार काही काळाने आपोआप ओसरतात. जो रुग्ण बरा झाला तो पेढे घेऊन येतो आणि लक्षात राहतो, जो बरा झाला नाही तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि विस्मृतीत जातो. शिवाय कोणीतरी आपुलकीने आपल्याकडे लक्ष देत आहे, एवढ्यानेच पुष्कळांचे चित्त सावरते, आणि त्याचे श्रेय त्या वेळी चालू असलेल्या औषधाच्या खाती जमा होते. हे सर्व हिशेबात धरून ‘माझ्या उपचाराने गुण आला’ या वाक्यावर स्वतःच शंका घेण्याची जी शिस्तबद्ध रीत आहे, तिचे नाव संशोधन.

या शिस्तीवाचून काय घडते, याचा सर्वांत बोलका दाखला इन्सुलिन-उपचाराचा आहे. १९३३ च्या सुमारास व्हिएन्नाच्या मॅनफ्रेड साकेल याने जाहीर केले की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला इन्सुलिनची मोठी मात्रा देऊन, त्याच्या रक्तातील साखर उतरवून, त्याला गाढ बेशुद्धीत नेले आणि मग साखर देऊन परत आणले, आणि असे आठवड्यातून पाच-सहा दिवस, अनेक आठवडे केले, तर रुग्ण सुधारतो. हताश झालेल्या मनोरुग्णालयांना हा आशेचा किरण वाटला. युरोप-अमेरिकेत या उपचारासाठी स्वतंत्र विभाग निघाले. भारतातील मनोरुग्णालयांतही तो रूढ झाला. पहाटे उपाशीपोटी सुई, मग घाम, मग ग्लानी, मग बेशुद्धी. शेजारी सतत नाडी पाहणारी परिचारिका. आणि ठरलेल्या घटकेला नाकातून नळीने साखरेचे पाणी. काही रुग्ण या उपचारात दगावत. तरीही वीस वर्षे हा उपचार अव्वल दर्जाचा मानला गेला, कारण ज्यांनी ज्यांनी तो केला त्यांनी त्यांनी रुग्ण सुधारताना आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

१९५३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हॅरल्ड बोर्न नावाच्या एका तरुण इंग्रज डॉक्टरने ‘इन्सुलिनची दंतकथा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. त्याच्याजवळ ना मोठा हुद्दा होता, ना मोठी प्रयोगशाळा. त्याने प्रसिद्ध झालेले अहवाल नीट वाचले आणि साधे प्रश्न विचारले. या उपचारासाठी निवडले जाणारे रुग्ण मुळातच नव्या आजाराचे, तब्येतीने धड आणि बरे होण्याची अधिक शक्यता असलेले नसतात काय? त्यांना जी शुश्रूषा, जो आहार आणि जे लक्ष मिळते ते इतर वॉर्डांतल्या रुग्णांना मिळते काय? मग गुण इन्सुलिनचा कशावरून? ज्येष्ठांनी त्याच्यावर पत्रांची सरबत्ती केली. त्यांचा अनुभव त्याच्या वयाहून मोठा होता. परंतु १९५७ साली अ‍ॅकनर, हॅरिस आणि ओल्डहॅम यांनी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला इन्सुलिनने बेशुद्ध केले, दुसऱ्याला झोपेच्या औषधाने बेशुद्ध केले, बाकी शुश्रूषा तंतोतंत सारखी ठेवली, आणि दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत इन्सुलिनचे विभाग एकामागून एक बंद झाले.

या हकिकतीतील ज्येष्ठ डॉक्टर निर्दय नव्हते, आळशीही नव्हते. त्यांतले कित्येक पहाटे पाच वाजता वॉर्डात हजर असत. त्यांच्याजवळ दया होती, कष्ट होते, अनुभव होता. नव्हती ती स्वतःच्या अनुभवाकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय. आणि ती सवय ज्याने दाखवली, तो शिकाऊपणाच्या उंबरठ्यावरचा माणूस होता. निवासी डॉक्टरांना संशोधन शिकवताना सांख्यिकीची सूत्रे पहिल्या दिवशी न शिकवता ही एक गोष्ट सविस्तर सांगावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा गैरसमज साधनांचा. संशोधन म्हणजे परदेशी यंत्रे, लाखोंचे अनुदान, मोठ्या शहरातील मोठी संस्था, असे समजून जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर स्वतःला त्यातून वगळतो. उन्मादाच्या आजारावर आजही ज्याच्या तोडीचे औषध क्वचितच सापडते, त्या लिथियमचा मानसोपचारातील गुण जॉन केड याने १९४९ साली प्रसिद्ध केला तो ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयातील वापरात नसलेल्या कोठीघरात गिनीपिगांवर प्रयोग करून. हा मनुष्य दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षांहून अधिक काळ जपान्यांच्या कैदेत राहून परत आलेला होता. ज्या कल्पनेवरून त्याने प्रयोगाला आरंभ केला, ती पुढे टिकली नाही. पण औषध दहा उन्मादग्रस्त रुग्णांना देऊन, प्रत्येकाचा वृत्तान्त प्रामाणिकपणे नोंदवून त्याने तो छापला. त्याचा पहिला रुग्ण, जो आधी आश्चर्यकारक सुधारला होता, तो पुढे याच औषधाच्या विषबाधेने मरण पावला आणि केडने औषध थांबवले; डेन्मार्कच्या मोगेन्स शौ याने १९५४ मध्ये तुलनात्मक प्रयोग केला, रक्तातील लिथियम मोजत राहण्याची शिस्त पुढे बसली, आणि तेव्हा कुठे ते औषध सुरक्षितपणे जगाच्या हाती आले. नुसते निरीक्षण पुरले नसते आणि नुसती आकडेमोडही पुरली नसती.

आपल्याकडची सर्पगंधेची कथा तर याहून जवळची, आणि मनाला चटका लावणारी. सह्याद्रीच्या दमट जंगलांत आढळणाऱ्या या वनस्पतीचे मूळ वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोहोंवरील औषध म्हणून तिच्यावर भारतीय नियतकालिकात लेख लिहिला. जगाने त्याची दखल घेतली नाही. पुढे मुंबईच्या रुस्तुम जाल वकील या हृदयविकारतज्ज्ञांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर केलेल्या पद्धतशीर पाहणीचा निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला, आणि मग चक्रे फिरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केले. १९५७ चा अमेरिकेतील लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि मानसोपचारातून रिसर्पिन मागे पडले, ही गोष्ट वेगळी. पण औषध आपले, रोगी आपले, शतकांचा अनुभव आपला, आणि तरी त्या अनुभवाला मोजमापाची जोड मिळेपर्यंत तो जगाच्या उपयोगी पडला नाही, ही वस्तुस्थिती प्रत्येक भारतीय मनोविकारतज्ज्ञाने मनात बाळगण्यासारखी आहे.

मुंबईत ही जाण असलेली माणसे होऊन गेली. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगविचारावर आधारलेली एक उपचारपद्धती सिद्ध केली, तेव्हा ती आपली आहे, प्राचीन आहे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. रुग्णांच्या एका गटाला पूर्ण उपचार आणि दुसऱ्याला वरवर तसाच दिसणारा अपुरा उपचार देऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोहोंची तुलना केली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधांवर वाहिया आणि दूनगाजी यांच्या नावांबरोबर एक तरुण नाव आहे, डी. व्ही. जेस्ते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून आलेले हे दिलीप जेस्ते पुढे अमेरिकेत वृद्धांच्या मनोविकारांवरील संशोधनात अग्रणी ठरले आणि २०१२ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. ज्या विभागात वरिष्ठ स्वतःच्या लाडक्या उपचारालाही परीक्षेस बसवतात, त्या विभागातल्या शिकाऊ डॉक्टरला संशोधनाची गोडी वेगळी लावावी लागत नाही. उलट ज्या विभागात ‘आम्ही वर्षानुवर्षे हेच देतो’ हे वाक्य अखेरचा निवाडा मानले जाते, तेथे कितीही कार्यशाळा भरवल्या तरी त्या प्रमाणपत्रापुरत्याच उरतात.

ही वृत्ती मोठ्या शहराबाहेरही रुजू शकते, हे पाहण्यासाठी आता रायगडच्या किनाऱ्याकडे वळतो. मांडव्यापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंतच्या या पट्टीला मोठ्या मनोरुग्णालयाची परंपरा नाही. कोकणचे प्रादेशिक मनोरुग्णालय दूर रत्नागिरीस आहे, आणि ठाण्याचे खाडीपलीकडे. परंतु चिकाटीने पाहण्याची आणि नोंदण्याची परंपरा येथे निश्चित आहे. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला आली, तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे चालू ठेवली. हेतू हा की जागा बदलल्याने आकड्यांत जो फरक पडेल तो नेमका कळावा आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा तुटू नये. वेधशाळेच्या बांधकामातही चुंबकाला विचलित करील असे काही येऊ नये याची काळजी घेतली गेली. त्याच तालुक्यातील किहीमला १९३० साली नोकरी गेलेले सालिम अली सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळत बसले, आणि नर अर्धवट घरटे विणतो, मादीने ते पसंत केले की पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला व दुसऱ्या मादीला लागतो, ही गोष्ट त्यांनी रोजच्या नोंदींतून सिद्ध केली. अनुदान नव्हते, हुद्दा नव्हता. घराजवळचे झाड, एक वही आणि आधीच्या पुस्तकांतले विधान तपासून पाहण्याची तयारी एवढे भांडवल होते. मनोविकारतज्ज्ञाचे कामही मूलतः याच जातीचे आहे.

२०२० साली जाहीर झालेल्या नियमाप्रमाणे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन महिने जिल्हा आरोग्यव्यवस्थेत काम करावे लागते. त्याला डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी म्हणतात. अनेक निवासी डॉक्टर याकडे शिक्षणात पडलेला खंड म्हणून पाहतात. मला ती संशोधनाची वृत्ती रुजवण्याची आपल्या हाती आलेली सर्वांत मोठी संधी वाटते, कारण प्रश्न येथे आहेत. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जे येतात ते गाळून आलेले असतात. ज्याला बोटीचे किंवा एस. टी.चे भाडे परवडते, ज्याच्या सोबत यायला कोणी मोकळे असते, ज्याच्या घरच्यांनी भगताकडचे उपाय संपवून अखेर डॉक्टरचा रस्ता धरलेला असतो, तोच तिथवर पोहोचतो. गावातली गोष्ट गावातच कळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, किनाऱ्यावरच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून ठरावीक दिवशी मानसिक आरोग्याची ओपीडी भरते आणि तेथे आलेल्या शिकाऊ डॉक्टरने एकच साधा प्रश्न घेतला: पहिल्यांदा आलेल्या रुग्णांपैकी किती जण पुढच्या खेपेला परत येतात, आणि जे येत नाहीत ते का येत नाहीत? प्रश्न सोपा दिसतो. पण रजिस्टर उघडून बसले की त्याची खोली कळते. ‘परत आला’ म्हणजे किती दिवसांच्या मुदतीत? जो आला नाही पण ज्याची बायको येऊन गोळ्या घेऊन गेली, तो आला असे धरायचे की नाही? जो पेणच्या खासगी दवाखान्यात जाऊ लागला, त्याने उपचार सोडला असे म्हणायचे काय? नावाच्या रकान्यात एकच माणूस एकदा बापाच्या नावाने आणि एकदा आडनावाने लिहिला गेला असेल, तर तो एक की दोन? आणि या किनाऱ्याला तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सामान्यतः १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि कोळीवाड्यातले पुरुष घरी असतात. नारळी पौर्णिमेनंतर ते समुद्रावर जातात. ज्या डॉक्टरच्या तीन महिन्यांत जून-जुलै येतील त्याला पुरुष रुग्णांची हजेरी एक दिसेल, ज्याच्या वाट्याला ऑक्टोबर-नोव्हेंबर येतील त्याला निराळी दिसू शकेल. आणि दोघांनीही आपापल्या आकड्यांवरून ‘या भागातील पुरुष उपचार टिकवतात’ किंवा ‘सोडतात’ असे ठाम विधान केले, तर दोघेही चुकतील. हे ज्याला कळले, त्याला नमुनानिवड आणि पूर्वग्रह यांवरचे प्रकरण पुस्तकातून पाठ करावे लागणार नाही. आणि एका निवासी डॉक्टरने मांडलेली वही पुढच्याने त्याच व्याख्या कायम ठेवून पुढे चालवली, तर तीन महिन्यांचे तुकडे जुळून काही वर्षांत या किनाऱ्याचा असा वृत्तान्त तयार होईल की जो कोणत्याही एकट्या प्रबंधात मावणार नाही.

प्रश्नांचा येथे तोटा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन धडकले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. पिढ्यांनी वाढवलेली बाग एका दुपारी जमीनदोस्त झालेली पाहणाऱ्या वृद्धाच्या मनाचे पुढे काय होते? २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी, ही गावे दरडीखाली गेली; वाचलेल्यांची झोप किती वर्षांनी पूर्ववत होते, आणि दर पावसाळ्यात ती पुन्हा मोडते काय? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्या लोकांच्या मनोविकारांचा प्राथमिक अहवाल १९९६ साली अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात छापून आला; म्हणजे आपल्या आपत्तींतून जगाला शिकण्यासारखे काही असते, हे सिद्ध झालेले आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना उपचार देऊन देशाच्या कानाकोपऱ्यांतील त्यांच्या घरी पोचवले. या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वर्षानुवर्षे बेपत्ता असलेला माणूस बरा होऊन दारात उभा राहतो, तेव्हा घर त्याला कसे सामावून घेते आणि औषध किती दिवस चालू राहते, हा शोध घेणे एखाद्या निवासी डॉक्टरच्या उमेदीला साजेसे काम आहे.

आणि गरज किती निकडीची आहे पाहा. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी दर शंभरांत दहाहून थोड्या अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत शेकडा ७० ते ९२ रुग्ण उपचारावाचून असल्याचे दिसले. हे आकडे महाराष्ट्रातील भाषणांत आणि अग्रलेखांत वारंवार दिले जातात. पण ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले होते, आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. आपण शेजारच्या गुजरातचे आणि मध्यप्रदेशाचे आकडे आपले समजून चाललो आहोत. जिल्ह्याजिल्ह्यांतून काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदी असत्या, तर ही उसनवारी करावी लागली नसती.

काळजीपूर्वक केलेले काम किती दूर नेते, हे याच किनारपट्टीने खाली गोव्यात दाखवून दिले आहे. मुंबईत जन्मलेले विक्रम पटेल आणि १९९६ साली गोव्यात सुरू झालेली संगत ही संस्था यांनी असा प्रश्न घेतला की मनोविकारतज्ज्ञ पुरेसे नाहीत आणि नजीकच्या काळात होणारही नाहीत, तर गावातील साध्या शिकलेल्या स्त्रीला काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन खिन्नता आणि चिंता यांच्या रुग्णांना तिच्याकडून आधार देववता येईल काय? चोवीस दवाखाने, बारा सरकारी आणि बारा खासगी, त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले आणि २,७९६ रुग्णांचा पाठपुरावा केला. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ज्यांचे निदान निश्चित झाले होते अशा रुग्णांपैकी समुपदेशिका असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के बरे झाले, नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. अनुकूल निष्कर्षाइतक्याच स्पष्टपणे हा प्रतिकूल निष्कर्षही त्यांनी छापला, याला मी अधिक किंमत देतो. पुढे गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे २८२ स्किझोफ्रेनियाग्रस्तांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या मदतीचा फायदा आढळला, पण तो माफक होता, आणि माफक असेच लिहिले गेले. ‘माफक’ हा निष्कर्ष निःसंकोच लिहिण्याची हिंमत ज्या दिवशी आपल्या निवासी डॉक्टरांच्या प्रबंधांत दिसू लागेल, त्या दिवशी वृत्ती बदलली असे मी मानीन. कारण आज अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष आला तर परीक्षक काय म्हणतील, या धास्तीने विद्यार्थी कासावीस होतो.

२०२३ च्या नियमांनी संशोधनपद्धतीचा पाठ्यक्रम सर्व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा केला आहे, हे चांगले झाले. पण सक्ती ज्ञान देऊ शकते, वृत्ती देऊ शकत नाही. त्यासाठी वरिष्ठांनी विद्यार्थ्यासोबत बसून एक शोधनिबंध ओळीओळीने फोडून वाचला पाहिजे, प्रबंधाच्या विषयाचा प्रश्न विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ओपीडीतून उगवू दिला पाहिजे, आकडेमोड त्याच्याच हातून करून घेतली पाहिजे, आणि आठवड्यातला अर्धा दिवस तरी त्याला त्यासाठी खरोखर मोकळा दिला पाहिजे. यांतल्या शेवटच्या गोष्टीसाठी रुग्णालयांत माणसे वाढवावी लागतील, आणि ते काम शासनाचे आहे.

शेवटी वाचकांसाठी. मनोरुग्णांवर त्यांच्या संमतीवाचून प्रयोग झाल्याचे कलंक वैद्यकाच्या इतिहासात आहेत, म्हणून २०१७ च्या मानसिक आरोग्य काळजी कायद्याच्या ९९ व्या कलमाने संशोधनात भाग घेणाऱ्या मनोरुग्णाची मुक्त आणि समजून दिलेली संमती अनिवार्य केली आहे. ज्याला तशी संमती देणे शक्य नाही, त्याच्या बाबतीत राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. तुमच्या घरातील कोणासाठी अलिबागच्या, मुरुडच्या किंवा महाडच्या ओपीडीत बसलेले असताना एखादा तरुण डॉक्टर संमतिपत्र पुढे करील, तर घाबरून जाऊ नका आणि न वाचता सहीही करू नका. हा शोध कशासाठी आहे, यात रुग्णाला त्रास काय, नाव गुप्त राहील ना, मध्येच माघार घेतली तर उपचारात कमी-जास्त होणार नाही ना, आणि अखेरीस जे निष्पन्न होईल ते आम्हांला कळवाल ना, एवढे प्रश्न विचारा. समाधानकारक उत्तरे मिळाली, तर सही करा. आणि वर्षाने पुन्हा भेट झाली की त्या डॉक्टरला विचारा, ‘त्या कामातून काय कळले?’